वारसा परत करण्याचे दायित्व : नवे वारस पुढे आल्यानंतरची कायदेशीर स्थिती (हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :
वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर मुलांची नावे लागतात, बँकेतील ठेव काढली जाते, जमीन संपादित झाली असल्यास मोबदलाही वाटून घेतला जातो. काही वर्षांनी सासरी गेलेली बहीण, अथवा वडिलांच्या दुसऱ्या विवाहातील अपत्ये हिस्सा मागतात. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या आणि प्रामुख्याने शेतीवर जगणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न अपरिचित नाही. 'सरकारदरबारी आमच्या नावावर झाले, मग परत काय करायचे?' असा प्रतिप्रश्न अशा वेळी केला जातो. हिंदू वारसाविधीच्या चौकटीत या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जुना कायदा :
मिळालेला वारसा परत करावा लागणे ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नाही. पूर्वी विधवेने घेतलेला दत्तकपुत्र हा तिच्या पतीच्या मृत्युसमयीच अस्तित्वात होता असे मानले जाई. मुंबई इलाख्यातील अनंत भिकाप्पा पाटील विरुद्ध शंकर रामचंद्र पाटील या खटल्यात भिकाप्पाचा मुलगा केशव १९१७ मध्ये अविवाहित वारला व वतनी जमीन भाऊबंदाकडे गेली. १९३० मध्ये केशवच्या आईने अनंतला दत्तक घेतले. प्रिव्ही कौन्सिलने १९४३ मध्ये जमीन अनंतला देवविली. म्हणजे मधल्या १३ वर्षांचा ताबा व्यर्थ ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये या तत्त्वाला मर्यादा घातली. पुढे हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १२ ने, दत्तकविधानापूर्वी ज्याच्याकडे मालमत्ता निहित झाली त्याच्याकडून ती दत्तकपुत्रास काढून घेता येणार नाही, असे ठरविले.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दत्तकपुत्र हा मागाहून निर्माण झालेला वारस होता. बहीण मात्र मृत्यूच्या दिवसापासूनच वारस असते. तिला केवळ वगळलेले असते. म्हणून दत्तकाला लागू असलेले हे संरक्षण भावांना मिळत नाही.

फेरफार आणि मालकी :
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार वारसाची वर्दी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, दिली जाते. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होऊन पुढे फेरफार प्रमाणित होतो. कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकवार स्पष्ट केले आहे. लेकीचे नाव वर्दीतच न देणे, किंवा 'तिला नको आहे' असे परस्पर सांगणे, ही यातील खरी मेख होय. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तोंडी नकाराने फेरफार होईल, हक्क जाणार नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी झाला. २० डिसेंबर २००४ पूर्वीचे नोंदणीकृत अथवा हुकूमनाम्याने झालेले वाटप मात्र अबाधित राहते. विधिबाह्य विवाहातील अपत्यांना आईवडिलांच्या हिश्श्यात वारसा मिळतो, हे १ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने अधोरेखित झाले. दुसऱ्या पत्नीस स्वतःला तो मिळत नाही.

ठेव, नामनिर्देशन व मोबदला :
बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, मालक नसते. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी भागभांडवल व म्युच्युअल फंडाबाबतही हेच तत्त्व मान्य केले. वारसाप्रमाणपत्राचेही तसेच. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ३८१ प्रमाणे सद्‌भावनेने रक्कम देणारी बँक मुक्त होते. घेणारा मुक्त होत नाही. माहिती दडवून मिळविलेले प्रमाणपत्र कलम ३८३ खाली रद्दही होऊ शकते.

भूसंपादनात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. इसापूर व सिद्धेश्वर धरणांपासून अकोला-नांदेड महामार्गाच्या चौपदरीकरणापर्यंत जिल्ह्याने भूसंपादन पाहिले आहे. १८९४ च्या कायद्यातील कलम ३१ आणि २०१३ च्या कायद्यातील कलम ७७ यांत एक परंतुक जवळपास जसेच्या तसे आहे : मोबदला कोणीही घेतला, तरी तो खऱ्या हक्कदारास देण्याचे त्याचे दायित्व संपत नाही. (राष्ट्रीय महामार्गांचा कायदा निराळा असून त्यात वाटपाचा वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठविण्याची तरतूद आहे.) समजा, वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीचे ३० लाख रुपये आई व दोन मुलांनी प्रत्येकी १० लाख असे घेतले. दोन मुली धरता वारस पाच, म्हणजे प्रत्येकाचे ६ लाख. तेव्हा तिघांनाही प्रत्येकी ४ लाख परत करावे लागतील. आईलाही. हा हिशेब ऐकून माहेर तुटण्याच्या धास्तीने कित्येक बहिणी गप्प राहत असतील, तर नवल नाही.

जमीन तशीच असेल तर परतफेड तुलनेने सुकर असते. भावाने विहीर खोदली असल्यास शक्यतो तो तुकडा त्याच्याच वाटणीस ठेवता येतो. त्याने काही भाग विकला असल्यास तो त्याच्या हिश्श्यात धरता येतो. सहवारसाचा नुसता ताबा प्रतिकूल ठरत नाही, हे १९५७ पासून सुस्थापित आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या व्यक्तीस, वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षे मिळतात. मात्र दुसऱ्याच्या वतीने हाती पडलेल्या रोख रकमेच्या दाव्यास मुदत कायद्यात साधारणतः ३ वर्षेच आहेत, आणि ती रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जातात. जमिनीचे रूपांतर पैशात झाले की बहिणीचा अवधी असा आकसतो, आणि मोबदल्याच्या नोटिसा तर सातबाऱ्यावरील नावांनाच जातात.