रक्ताची साक्ष आणि वैद्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याकडे उपचारासाठी आले. निद्रानाश, अरुची, मलावष्टंभ आणि कशातच मन न लागणे या त्यांच्या तक्रारी होत्या. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून मी वातशामक चिकित्सा योजली. दोनदा ते आले, तिसऱ्यांदा आले नाहीत. त्यांनी आत्महत्या केल्याचे पुढे कळले. 'जगणे नकोसे वाटते का?' एवढा एक प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता.

जे रुग्ण सांगत नाही, ते त्याचे रक्त सांगेल काय? या दिशेने अमेरिकेत संशोधन चालू आहे. मधुमेहात रक्तशर्करा मोजता येते. विषादाला अशी वस्तुनिष्ठ कसोटी अद्याप नाही. मनुष्याची जनुके जन्मभर बहुतांशी तीच राहतात, परंतु कोणते जनुक किती कार्यरत आहे हे अवस्थेनुसार बदलते. कार्यरत जनुकाची पेशीत जी प्रत निघते ती आर.एन.ए. रक्तपेशींतील या प्रतींचे प्रमाण मोजता येते.

शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१४ मध्ये ३२ विषादग्रस्त व ३२ निरोगी व्यक्तींच्या रक्ताची तुलना झाली. नऊ आर.एन.ए. चिन्हांचे प्रमाण दोन्ही गटांत भिन्न आढळले. अठरा आठवड्यांच्या मानसोपचारानंतर रुग्ण बरे झाले तरी त्यांपैकी तीन चिन्हांतील फरक टिकून राहिला. तो रोगप्रवणतेचा निदर्शक असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

इंडियाना विद्यापीठातील डॉ. अलेक्झांडर निकुलेस्कू यांच्या गटाने २०१३ मध्ये आत्महत्येच्या जोखमीशी 'सॅट-१' या जनुकाचा संबंध दाखविला. २०१५ मध्ये त्यांनी २१७ मनोरुग्ण पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३७ जणांत आत्महत्येचे विचार मुळीच नसण्यापासून तीव्र असण्यापर्यंत बदल दिसला. या दोन्ही अवस्थांतील रक्त तपासून चिन्हे निवडण्यात आली. ही चिन्हे आणि दोन प्रश्नावल्या एकत्र केल्यावर असे विचार ओळखण्याची अचूकता सुमारे ९२ टक्के आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की केवळ प्रश्नावल्यांचीच अचूकता ८० टक्क्यांहून अधिक होती.

या पद्धतीत रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या अवस्थेशी केली जाते. प्रकृती जाणून विकृती ठरविणाऱ्या वैद्याला ही दृष्टी परकी वाटणार नाही. मात्र त्यावरून अमुक आर.एन.ए. म्हणजे अमुक दोष, असे समीकरण मांडणे उतावीळपणाचे ठरेल.

टक्केवारीने भारावून जाणेही योग्य नव्हे. समजा, हजार रुग्णांपैकी दहांना खरा धोका आहे. ९० टक्के अचूक चाचणी त्यांतील नऊ जणांना ओळखील, पण धोका नसलेल्या ९९ जणांनाही धोकादायक ठरवील. आणि एक खरा रुग्ण निसटेल तो निराळाच. शिवाय वरील २०१५ चा अभ्यास उपचाराखालील पुरुष मनोरुग्णांचा होता. त्याचे निष्कर्ष आपल्या दारी येणाऱ्या सर्वांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

तोवर आपल्या हाती काय आहे? दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग वाढविणाऱ्या कारणांत चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे. तेव्हा दीर्घकाळ झोप नसलेल्या, खचलेल्या रुग्णाला एकांतात, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने आत्महत्येची कल्पना मनात शिरते, ही समजूत निराधार आहे. उलट अनेकांचे ओझे त्याने हलके होते. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, नातेवाइकांना विश्वासात घ्यावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. चालू असलेली मनोविकाराची औषधे आपण होऊन बंद करू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती, की झोपेसाठी वरचेवर ब्राह्मी किंवा अश्वगंधा नेणाऱ्या ग्राहकाची दोन शब्दांनी विचारपूस करावी आणि त्याला वैद्याकडे पाठवावे. हा क्रमांक दुकानात सहज दिसेल असा लावावा.

उद्या रक्ताची चाचणी आली तर तिचे स्वागतच करू. सत्त्वावजय चिकित्सेचा आरंभ मात्र आजही वैद्याच्या प्रश्नापासूनच होतो. तो प्रश्न मी आता टाळीत नाही.