यंत्राची बाराखडी

पुण्यात शिकावयास गेलेली एखादी मुलगी मोबाइलवर ‘आजी, सुखरूप पोहोचले’ एवढीच ओळ लिहिते आणि क्षणार्धात ती ओळ रत्नागिरीस आजीच्या हाती पडते. लिहिलेली अक्षरे आणि मिळालेली अक्षरे यांत काना-मात्रेचाही फरक नसतो. आज या गोष्टीचे कोणासही नवल वाटत नाही. परंतु १९९५ च्या सुमारास एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, तर पुष्कळदा त्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसे. पत्र हरवलेले नसे. ते वाचण्याची किल्ली मात्र हरवलेली असे. असे का होई, हे समजण्यासाठी यंत्राला अक्षर कसे कळते ते पाहिले पाहिजे.

खरे म्हणजे यंत्राला अक्षर कळतच नाही. त्याच्या अंतरंगात विजेच्या केवळ दोन अवस्था असतात. एकीला शून्य म्हणावे, दुसरीला एक म्हणावे. या दोन चिन्हांच्या रांगांनी कोणतीही संख्या लिहिता येते. अक्षर मात्र लिहिता येत नाही. म्हणून माणसांनी आपसांत ठरवून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. वर्गाच्या हजेरीपटावर असते तसेच हे आहे. गुरुजींनी ‘चौदा’ म्हणताच एक विशिष्ट मुलगा उभा राहतो. पण शेजारच्या वर्गात जाऊन ‘चौदा’ म्हटले, तर तेथे दुसराच कोणी उभा राहील. क्रमांक तोच असला तरी पट निराळा असतो.

असा एक पट अमेरिकेत १९६३ मध्ये तयार झाला. त्यास ‘आस्की’ असे म्हणतात. त्यात एकंदर १२८ जागा होत्या. रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’ला ६५ हा क्रमांक मिळाला, ‘बी’ला ६६. पुढे धाकटी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांनी साऱ्या जागा भरून गेल्या. देवनागरीला त्यात स्थान नव्हते. इतकेच काय, फ्रेंच भाषेतील खुणांच्या अक्षरांनाही नव्हते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ज्यांनी तो पट केला, त्यांनी तो आपल्या गरजेपुरता केला. पण यंत्रे जगभर पसरली, तसा त्यांच्याबरोबर तो पटही पसरला. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. त्यामुळे त्या लिपीत छापलेल्या यादीत काळे यांचे काले होत आणि माळी यांचे माली. ज्याचे नाव आहे त्याला हा फरक लहान वाटत नाही.

देवनागरीला क्रमांक देणे सोपे नव्हते. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. आपल्याकडे मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी जातो, वेलांटी मागे-पुढे वळते आणि जोडाक्षरांत तर दोन-तीन वर्ण एकमेकांत मिसळून जातात. या आकारांची संख्या शेकड्यांनी भरते. टंकलेखन यंत्राच्या काळीही हीच अडचण होती. त्या वेळी काही सुधारकांनी लिपीच बदलावी असे म्हटले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारिलेल्या बाराखडीत ‘इ’, ‘ई’ यांच्याऐवजी ‘अि’, ‘अी’ असे लिहिले जाई. त्यामुळे खिळ्यांची संख्या कमी होई. लिपीने यंत्रासाठी थोडे वाकावे, असा तो विचार होता.

संगणकावर काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनी उलट दिशेने विचार केला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हे काम सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाल्यावर तेथे ते पुढे वाढले. आकारांना क्रमांक न देता उच्चारांना द्यावेत, हे त्यांच्या विचाराचे सार होय. ‘कि’ हे अक्षर पाहा. कागदावर वेलांटी आधी येते आणि ‘क’ नंतर. बोलताना मात्र ‘क’ आधी येतो, ‘इ’ नंतर. टंकलेखनिक वेलांटीची कळ आधी दाबीत असे. संगणकाने मात्र ‘क’ आधी साठवावा आणि वेलांटी नंतर, असे ठरले. पडद्यावर ती उचलून अलीकडे ठेवण्याचे काम यंत्राने करावयाचे. ‘क्ष’साठीही स्वतंत्र क्रमांक नको, ‘क’, पाय मोडण्याची खूण आणि ‘ष’ हे तिघे ओळीने आले की यंत्राने ‘क्ष’ काढावा. शेकडो आकारांचे ओझे अशा रीतीने थोड्याच क्रमांकांवर आले.

यातून आणखी एक सुंदर गोष्ट साधली. बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू या लिप्यांचे आकार भिन्न असले तरी वर्णमालेचा क्रम बहुतेक तोच आहे: क, ख, ग, घ. म्हणून सर्वांच्या ‘क’ला एकच क्रमांक देण्यात आला. मराठीत लिहिलेले नाव कन्नड लिपीत पाहावयाचे तर अक्षरे पुन्हा लिहिण्याची गरज उरली नाही. १९९१ मध्ये हा पट भारतीय मानक म्हणून मान्य झाला. संगणकाशी काडीचाही संबंध नसलेल्या प्राचीन वैयाकरणांची वर्णमाला येथे अशी कामास आली.

तथापि व्यवहारात हा पट सर्वांनी वापरला नाही. छापखान्यांना आणि कचेऱ्यांना कागदावर सुबक मराठी उमटण्याशी काम होते. टंक बनविणाऱ्यांनी सोपी युक्ती केली: रोमन अक्षराच्याच क्रमांकावर देवनागरी आकार बसविला. एका प्रचलित टंकात ‘डी’च्या जागी ‘क’ होता आणि ‘के’च्या जागी काना. त्या टंकात ‘काका’ असे लिहिले, की डोळ्यांना काका दिसत. यंत्राच्या स्मरणात मात्र ‘डी, के, डी, के’ एवढेच असे. दुसऱ्या टंकाचा पट आणखी वेगळा. कागदावर छापून झाले की हा घोटाळा झाकला जाई. म्हणूनच तो इतकी वर्षे चालला. परंतु साठविलेल्या हजारो पानांत एखादे गाव किंवा माणूस शोधू गेल्यास यंत्र काही नाही असे सांगे, आणि टंक नाहीसा झाला की मजकूरही मुका होई. त्या काळचे कितीतरी लेखन आजही एका पटातून दुसऱ्या पटात उतरवून घ्यावे लागते.

जगातील सर्व लिप्यांसाठी एकच मोठा पट असावा, या हेतूने ‘युनिकोड’ची योजना झाली. त्याची पहिली आवृत्तीही १९९१ मधलीच. तीत देवनागरीला २३०४ पासून पुढे १२८ जागा मिळाल्या आणि त्यांचा क्रम भारतीय पटावरूनच घेतला गेला. आपला ‘क’ २३२५ वर आहे, ‘ळ’ २३५५ वर. नुसत्या क्रमांकाने मात्र भागत नाही. ते अक्षर काढून दाखविणारा टंकही हवा. संगणकांवर पुढे सर्वत्र दिसू लागलेल्या ‘मंगल’ या टंकाची आखणी सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी केली. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोशही पडद्यावर वाचता येऊ लागला.

मराठीची काही गाऱ्हाणी तरीही उरली. कोकणचा ‘दर्या’ आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ यांत केवढे अंतर! हिंदीला हा भेद लागत नाही. दाक्षिणात्य भाषांतील एक ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून २३५३ वर ‘ऱ’ ठेवलेला होता. त्याच्या साहाय्याने मराठीने आपल्या दऱ्या वाचविल्या. ‘ॲसिड’मधील ‘ॲ’ मात्र पटात नव्हताच. ‘ए’वर चंद्र असलेले अक्षर होते, ‘अ’वर चंद्र असलेले नव्हते. ते २००८ मध्ये मिळाले.

मोडी लिपीला २०१४ मध्ये क्रमांक लाभले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. ते हस्ताक्षर यंत्राने वाचावे यासाठी संशोधक त्याला शिकवीत आहेत. पण शिकविण्यासाठी आधी कोणी तरी तो कागद उलगडून, वळणावळणाची ती ओळ वाचून, तिच्याखाली देवनागरीत लिहून द्यावी लागते. आणि ते काम मोडीच्या जाणकारासच करता येते.