भट्टीचे माप आणि बर्नर

अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. कातळावर चालणारी छिन्नी बोथट होते. तिला पुन्हा तापवून धार द्यावी लागते. त्याहून प्राचीन पुरावा नागपूर जिल्ह्यातील नायकुंडचा. तेथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोहभट्टी आणि हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या सापडल्या. भट्टी केवढी आणि तिला हवा किती, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. त्याचे उत्तर लोहाराच्या अंदाजात राहिले आणि तो अंदाज बापाकडून मुलाकडे, जातीच्या चौकटीतच गेला. हेच ज्ञान मापात मांडले, तर ते कोणाही विद्यार्थ्याचे होऊ शकते.

सिल्लोड परिसरात विळा, खुरपे, वखराची पास यांची कामे बारमाही असतात. कोळशाऐवजी गॅसवर चालणारी भट्टी घरी बांधू इच्छिणारे तरुण बहुधा मोठा डबा घेतात आणि नंतर बर्नर शोधतात. क्रम याच्या उलट हवा: प्रथम काम, मग पोकळी, मग बर्नर.

पंख्याविना, स्वतः हवा ओढणारा पाऊण इंची बर्नर साधारणपणे साडेपाच ते पावणेसहा लिटर पोकळी नीट तापवतो. अर्धा इंची बर्नर सुमारे अडीच लिटर. आता सातवी-आठवीचे गणित घ्यावे. २५ सेंटीमीटर व्यासाच्या लोखंडी नळकांड्यात २५ मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर दिले, की आतला व्यास १५ सेंटीमीटर उरतो. लांबी ३० सेंटीमीटर धरली, तर त्रिज्येचा वर्ग, लांबी आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने घनफळ सुमारे ५.३ लिटर येते. एक पाऊण इंची बर्नर पुरेसा. व्यास दुप्पट केला, तर घनफळ दुप्पट नव्हे, चौपट होते. २१ लिटरला तसे चार बर्नर लागतील. एकच लावला तर गॅस जळत राहतो, पण लोखंड तांबडेच राहते.

उलट, लहान पोकळीत मोठा बर्नर बसवला तर ज्वाळेला जागा मिळत नाही. आतला दाब वाढून बर्नर पुरेशी हवा ओढू शकत नाही आणि अर्धवट जळालेला वायू तोंडातून बाहेर पडतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून भट्टी नेहमी मोकळ्या हवेतच पेटवावी. लांब पाते सर्वत्र सारखे तापवायचे असल्यास एका मोठ्या बर्नरऐवजी अंतर ठेवून दोन अर्धा इंची बर्नर बसवणे श्रेयस्कर. ब्लँकेटचे तंतू श्वासात जाऊ नयेत म्हणून त्यावर उष्णतारोधक सिमेंटचा लेप अवश्य द्यावा.

गॅसचाही विचार हवा. घरगुती सिलिंडर अशा कामासाठी वापरणे बेकायदेशीर आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि उच्च दाबाचा रेग्युलेटर घ्यावा. बर्नर वाढले की सिलिंडर गार पडतो, त्यावर दव व बर्फ धरते आणि दाब घसरतो. म्हणून मोठी भट्टी रोजच्या मिळकतीतून रोज खर्च मागते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत, आयटीआयमध्ये वा स्वतःच्या वर्कशॉपमध्ये आहेत, त्यांनी आपापली मापे लिहून शाळेकडे पाठवावीत, ही विनंती. घनफळाच्या धड्याला त्याहून चांगली उदाहरणे आम्हांस मिळणार नाहीत. ज्या हातांनी भाता ओढला त्यांना वही मिळाली नाही आणि ज्यांच्या हाती वही होती त्यांनी भात्याला हात लावला नाही. आमच्या मुलांच्या हाती दोन्ही असावीत.