तासायची पटाशी, ठोकायची पटाशी

आमच्या घरातला पाळणा माझ्या आजीच्या माहेराहून आलेला. अस्सल सागवानी. त्यात माझे वडील झोपले, मी झोपलो, पुढे माझी लेक झोपली. लेकीला मुलगी झाली आणि माळ्यावरून पाळणा खाली उतरवला, तेव्हा कळलं की कोपऱ्यातला एक खूर वाळवीनं पोखरलाय. बारसं आठ दिवसांवर.

‘‘नवा आणू या. स्टीलचे चांगले मिळतात हल्ली,’’ सौ. म्हणाली.

मी कुठला ऐकतोय! सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. मायक्रोमीटरशिवाय कशाला हात लावला नाही. लाकडाचा एक खूर बदलणं म्हणजे काय मोठं?

आमच्या पाळण्यात खिळा नाही, स्क्रू नाही. पट्टीच्या टोकाला जीभ काढलेली असते, तिला कुसू म्हणतात. खुरात तिच्या मापाची चौकोनी खाच असते. कुसू खाचेत घट्ट बसला की काम झालं. पिढ्यान् पिढ्या झोके घेऊनही पाळणा खिळखिळा होत नाही, तो या सांध्यामुळं. मी गुलमंडीवर गेलो आणि सहा पटाश्यांचा चकचकीत संच घेऊन आलो. पातळ पाती, दोन्ही कडा उतरत्या, मुठी सुंदर. दिसण्यावर भाळलो, दुसरं काय!

दोन संध्याकाळी ठोकाठोक केली. खाचेचं तोंड रुंद झालं, आतल्या भिंती तिरक्या गेल्या, एका पटाशीची धार मुडपली. फटींत गोंद भरला आणि पाळणा टांगला. सौ.नं नात ठेवायच्या आधी तांदळाची दहा किलोंची पिशवी ठेवली. बायकांना अशा वेळी बरोबर सुचतं. तिसऱ्या झोक्याला सांधा कुरकुरला, पाचव्याला पट्टी निसटली आणि पिशवी फरशीवर आदळली. घरात कुणी काही बोललं नाही. माझे मात्र हात गार पडले.

दुसऱ्या दिवशी खूर आणि पटाशी पिशवीत घालून शहागंजच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथं एक वयस्कर मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मला वाटलं, खाच बघून हसतील. त्यांनी खाचेकडं पाहिलंच नाही, पटाशी हातात घेतली आणि म्हणाले, ‘‘साब, ये छीलने की है. इसको ठोको नक्को.’’

त्या एका वाक्यात माझी चूक होती. पटाशी म्हणजे पटाशी, असं आपण समजतो. पण उतरत्या कडांची पातळ पटाशी तासायची, कोपरे साफ करायची. तिला हाताचा दाब पुरतो. खाच पाडणं हे निराळंच काम आहे. मोगरीचे घाव घालून पातं लाकडात उभं उतरवायचं आणि मग त्याच पात्याची पहार करून ढलपी उचकटायची. पातळ पातं तिथं वाकतं, घाव बसताना अंगाभोवती फिरतं आणि खाच तिरकी जाते. म्हणून खाचेची पटाशी जाड लागते. तिची पाठ सपाट आणि बाजू सरळ उभ्या असाव्या लागतात. पहिला घाव सरळ बसला की त्या उभ्या बाजूच खाचेच्या भिंतींना टेकून पुढची वाट दाखवतात.

माझ्या आजोळी सुतारमामा अशा जाड, अरुंद हत्याराला किकरं म्हणत. तिफणीच्या दिंडातली भोकं, बैलगाडीच्या तुंब्यातल्या आऱ्यांच्या खाचा, सगळं त्यानंच. तेही बाभळीसारख्या चिवट लाकडात! लहानपणी ओट्यावर बसून ते बघितलं होतं, पण हत्यार कसलं हे कधी विचारलं नाही.

चाचांनी निवड कशी करायची ते सांगितलं. आधी पट्टीची जाडी बघा. तिचा साधारण तिसरा हिस्सा कुसूला द्यायचा. आमची पट्टी सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर. तिसरा हिस्सा साडेदहा झाला. बाजारात पटाशी मिळते दहाची. मग खाच साडेदहाची करायची नाही, दहाचीच करायची. पटाशीची रुंदी हीच खाचेची रुंदी. आधी पटाशी हाती घ्यायची, तिच्या पात्यावरून मार्किंग गेज लावायचं आणि मगच लाकडावर रेघ ओढायची. आयुष्यभर मी आराखड्यावरून हत्यार ठरवलं, इथं हत्यारावरून आराखडा ठरतो!

म्हणजे सहांचा संच लागतच नाही, एक पुरते. पण ती एक पारखून घ्यावी. पाठीवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडं बघायचं, मधून प्रकाश दिसता कामा नये. दोन्ही बाजू टोकापर्यंत समांतर हव्यात. मुठीच्या माथ्यावर लोखंडी कडं हवं, नाहीतर घावानं मूठ फुटते. मूठ आणि पात्याच्या मध्ये चामड्याची चकती असली तर हाताला धक्का कमी बसतो. धारेचा उतारही बघायचा. तासायच्या पटाशीला पंचवीस अंश ठीक, ठोकायचीला तीस ते पस्तीस लागतात, कारण फार निमुळती धार घावानं तुटते.

चाचांची स्वतःची पटाशी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून लोहारानं घडवलेली होती. पात्याला पाणी देणं ही त्यातली खरी विद्या. लाल तापवून विझवलं की पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. मग पुन्हा हलकं तापवायचं आणि धारेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की थांबायचं. त्याआधी थांबलं तर धार तुटते, फार तापवलं तर मुडपते. ‘‘पोरगा मॉड्युलर किचन करतो,’’ चाचा म्हणाले. ‘‘त्याच्या पेटीत ड्रिल आहे, ही नाही.’’ तक्रार नव्हती त्यात. पोराचं बरं चाललंय, हे त्यांनी लगेच पुढं सांगितलं.

निघताना म्हणाले, ‘‘वेरूळला सुताराची झोपडी पाहिली का?’’ पाहिली होती, पाहुण्यांना दाखवायला कितीदा तरी. वेरूळचं दहावं लेणं, साधारण सातव्या शतकातलं. त्याला विश्वकर्मा म्हणतात, लोकांच्या तोंडी ‘सुतार का झोपडा’. आत स्तूपापुढं बुद्धमूर्ती आहे, आणि वर कमानदार छताला ओळीनं फासळ्या. दगडाच्या छताला फासळ्यांची गरजच नसते. अखंड कातळ आहे तो! पण त्याआधी अशी छतं लाकडाची होत. कार्ल्याच्या लेण्यात तर खऱ्या लाकडी फासळ्या अजून आहेत. लाकूडकामाची ती ठेवण दगड फोडणाऱ्यांनी शेकडो वर्षं सोडली नाही. इतक्या वेळा गेलो, पण ते छत सुताराच्या नजरेनं कधी बघितलं नव्हतं.

दहाची एक पटाशी घेतली. नवा खूर घेतला. चाचांनी सांगितलं तसं मधून सुरुवात केली. दोन्ही टोकांना थोडं लाकूड राखलं, म्हणजे उचकटताना काठ चेमटत नाहीत. ते शेवटी सरळ घावानं काढलं. पहिली खाच पाडायला पाऊण तास लागला. कुसू हातानं अर्धा गेला आणि मोगरीच्या तीन टोल्यांत पुरता बसला. गोंद लागला नाही. संचातली पातळ पटाशीही वाया गेली नाही, कुसूच्या बाजू तासायला तीच कामी आली.

बारशाच्या आदल्या रात्री सौ.नं पुन्हा पिशवी ठेवली, या वेळी दोन, वीस किलो. मी झोके मोजत उभा राहिलो. शंभर झाल्यावर ती म्हणाली, ‘‘पुरे. झोपा आता.’’

दुसऱ्या दिवशी बायकांनी पाळणा म्हटला, आत्यानं नाव ठेवलं आणि नात झोपली. मधूनच कुरकुर ऐकू आली तसा मी दचकून पुढं गेलो. वरची कडी वाजत होती. तिला तेलाचे दोन थेंब सोडले आणि पंगतीला जाऊन बसलो.