थोड्या पैशांत वेल्ह्याची सुट्टी

शाळांच्या परीक्षा संपल्या की घराघरांत एकच प्रश्न निघतो : यंदा सुट्टीत कुठे जायचे? शेजारचे कुणी अंदमानला निघालेले असतात, कुणी लक्षद्वीपची चौकशी करत असतात. बेटावरची सुट्टी म्हटली की मुलांचे डोळे चमकतात आणि वडिलांचा चेहरा उतरतो. चार माणसांचा विमानप्रवास आणि हॉटेल हा हिशोब पगारदार घराला सहज पेलणारा नसतो. मग सुट्टी टीव्हीसमोर आणि मोबाईलवर संपते.

पण मुलांना हवे असते ते पाणी, मोकळे आकाश, थोडे साहस आणि आईवडिलांचा वेळ. हे सगळे पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवर, वेल्हे भागात मिळते. या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तरी बोलण्यात वेल्हे हेच नाव रुळलेले आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाला आंबी नदीवर पानशेतचे आणि मोसे नदीवर वरसगावचे धरण आहे. दोन जलाशयांच्या मधली डोंगराची सोंड पाहिली की आपण बेटावरच आहोत असे वाटते. दक्षिणेकडे तोरणा आणि राजगड उभे आहेत.

आधी प्रवासाचा खर्च पाहू. स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी जाते. सातारा रस्त्याने नसरापूर फाट्यापर्यंत आणि तिथून आत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मेच. म्हणजे आई, वडील आणि दोन मुले यांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र उतरल्या उतरल्या विचारून ठेवावी. वाटेत नसरापूरला उतरून बनेश्वरची गर्द झाडी आणि पेशवेकालीन शिवमंदिर पाहता येते. दुपारच्या उन्हात डोके टेकायला यासारखी जागा नाही.

वेल्ह्यातला उन्हाळ्याचा दिवस तीन भागांत वाटून घ्यावा : सकाळ डोंगराची, दुपार सावलीची आणि संध्याकाळ पाण्याकाठची.

सकाळी गड. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंच आहे, पुणे शहर साधारण ५६० मीटरवर. उंची हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून गडमाथ्यावरची हवा पुण्यापेक्षा चार-पाच अंश थंड असते. पण कातळावर सावली नसते आणि ऊन थेट अंगावर येते. तेव्हा उजाडताच चढायला लागावे आणि अकराच्या आत खाली यावे. लहान मुले असतील तर तोरण्याचा हट्ट धरू नये. राजगडावरही गुंजवणे किंवा पाली गावातून पद्मावती माचीपर्यंत गेले तरी पुरे. बालेकिल्ल्याची खडी चढण मोठ्या मुलांसाठी ठेवावी.

रायगडाआधी सुमारे पंचवीस वर्षे शिवाजी महाराजांची राजधानी राजगड होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, बारा उरले. त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांतही राजगड आहे. मुलांना ही सनावळी पाठ करायला लावू नका. त्यांना एक वही द्या आणि काम सांगा : पाण्याची टाकी किती दिसली ते मोजा, संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी का बांधली असेल ते शोधा, सुवेळा माचीचे नेढे खालून दिसते का ते पाहा. उत्तरे चुकली तरी चालतील. शोधायची सवय लागली की गड मुलांचा होतो.

दुपार गावात काढावी. वेल्हे, गुंजवणे, पाली या गावांत काही घरी आधी सांगितले तर भाकरी, पिठले, ठेचा असे जेवण मिळते. हॉटेलपेक्षा ते स्वस्त पडते आणि पैसा गावात राहतो. याच दिवसांत रस्त्याकडेला बायाबापड्या करवंदे, जांभळे घेऊन बसतात. पानाच्या द्रोणातली करवंदे घ्यावीत आणि मुलांना जुना खेळ शिकवावा : करवंद फोडायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. आधी ओळखेल तो जिंकला. घासाघीस मात्र करू नये. त्या टोपलीमागे सकाळपासूनचे काट्याकुट्यांतले हिंडणे असते.

मेच्या १२-१३ तारखेच्या सुमारास वेल्ह्यात असाल, तर दुपारी साडेबाराच्या आसपास एक काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करा. काही क्षण तिची सावली जवळजवळ नाहीशी होते. सूर्य उत्तरेकडे सरकत असतो. त्याची क्रांती आणि आपल्या गावाचा अक्षांश एक झाले की तो बरोबर डोक्यावर येतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गावांत हे वर्षातून दोनदा घडते. आपल्याकडे दुसरी वेळ जुलैअखेरीस येते, पण तेव्हा ढग असतात. हा शून्य सावलीचा प्रयोग एका काठीत होतो आणि मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहतो.

संध्याकाळी पाणी. इथे थोडे थांबून ऐकावे, कारण सुट्टी इथेच बिघडते. धरणाचे पाणी शांत दिसते, पण ते नदी किंवा तरणतलाव नाही. पाण्याखाली जुनी दरी आहे. तिच्यात बांध, खड्डे आणि मूळ नदीचे पात्र आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठावर गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो आणि पाय ठेवताच गुडघाभर रुततो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला पुरुषभर पाण्यात जाऊ शकतो. पोहता येणाराही इथे फसतो. म्हणून नियम साधा ठेवावा : जलाशयात उतरायचे नाही. काठावर बसावे, चपटे दगड पाण्यावर उडवावेत, पक्षी पाहावेत.

तरीही कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडण्याचे प्रकार अशानेच घडतात. दोरी, साडी, लांब काठी फेकावी. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा झाकण घट्ट लावून दोरीला बांधला तर तो तरंगतो आणि बुडणाऱ्याला धरता येतो. असा एक डबा पिशवीत ठेवावा, त्याला खर्च नाही. सोबत ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि गावकऱ्यांना हाक द्यावी.

उन्हाचीही काळजी हवी. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. गडावरच्या टाक्यांवर विसंबू नये आणि गावातल्या हंड्यांवर तर मुळीच नको. ज्या खोऱ्याचे पाणी खडकवासल्यावाटे पुण्याच्या नळाला येते, त्याच डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर मे महिन्यात बायकांना हंडा घेऊन चालावे लागते. एखाद्याला गरगरले, मळमळले तर सावलीत झोपवावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडातून काही न देता थेट दवाखाना गाठावा.

मुक्काम करणार असाल तर मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी करा. वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. काजव्याच्या पोटातल्या लुसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उष्णता जवळजवळ नसलेला प्रकाश निघतो. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना साद. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीरूपात, गोगलगायी खात जाते; पंख फुटल्यावर हाती काही आठवडेच असतात. आपण बॅटरी मारली, गाडीचे दिवे लावून ठेवले तर ती साद पोचत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. म्हणून दिवे विझवून, गप्प बसून पाहावे. बाटलीत धरू नयेत.

वाळल्या गवताच्या दिवसांत शेकोटी पेटवू नये. एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो. गडाच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तिथे धूर, आरडाओरड, दगडफेक नको. आणि नेलेले प्लास्टिक परत घरी आणावे.

दोन दिवसांच्या या सुट्टीला एसटीचे भाडे, जेवणाचे पैसे आणि करवंदांचा द्रोण एवढाच खर्च आहे. शाळा उघडल्यावर 'सुट्टीत काय केलेस?' असे बाईंनी विचारले, तर नाहीशी झालेली सावली आणि काजव्यांनी लखलखलेले झाड पाहिलेल्या मुलाला सांगायला भरपूर असेल. दुसरे कुणी कुठल्या बेटावर जाऊन आले, याचे त्याला वाईट वाटणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)