दस्त्याचे पॉलिश आणि कोपऱ्यातली चिंधी

सेलू, जिंतूर, मानवत या पट्ट्यात रानडुकरे आणि रोही उभ्या पिकात घुसतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. अशी एखादी जुनी बंदूक किंवा आजोबांच्या काळची बारा बोअरची दुनळी काही घरांत अजून जपलेली असते. हाताचा घाम, धूळ आणि तेलकटपणा बसून तिचा लाकडी दस्ता काळा पडतो, पॉलिशचे पोपडे निघतात. परवाना नसलेल्या सुताराच्या ताब्यात बंदूक ठेवता येत नाही. म्हणून दस्ता घासण्याचे काम घरीच, ओसरीवर किंवा माळवदावर होते. जुना देव्हारा, झोपाळा, वाड्याचे दार यांनाही हीच पद्धत वापरतात. त्यामुळे पुढचे मुद्दे बंदूक नसलेल्या घरांनाही लागू आहेत.

बंदुकीच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांत आधी. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. ती रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री झाल्याशिवाय कामाला हात लावू नये. दारू आणि काडतुसे त्या खोलीत नसावीत.

मग सुरू होते घासणे. पॉलिश पेपरने निघणाऱ्या भुशातला डोळ्यांना दिसणारा भाग नाकात अडकतो, न दिसणारा बारीक भाग फुफ्फुसात खोल जातो. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावी 1960 च्या दशकात कान-नाक-घसातज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की, एरवी क्वचित आढळणारा नाकाच्या आतला एक कर्करोग तिथल्या लाकूडकामगारांत वारंवार दिसतो आहे. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. एक दस्ता घासल्याने कर्करोग होत नाही. मात्र दम्याच्या रुग्णाला एका दुपारची धूळही धाप लावण्यास पुरेशी असते. तोंडावर बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-95 मास्क नीट बसवला तर अडवतो. भुसा झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

पुढचा टप्पा पॉलिशचा. इथे एक साधा प्रश्न विचारावा : पॉलिश वाळते, म्हणजे त्यातला ओलावा जातो कुठे?

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश वाळते तेव्हा स्पिरिट उडून जाते आणि लाख लाकडावर राहते. उडालेले स्पिरिट खोलीच्या हवेत, म्हणजेच श्वासात मिसळते. थिनरचेही तसेच. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. धुळीसाठी घातलेला एन-95 मास्क इथे उपयोगाचा नाही. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवणे, शक्यतो अंगणातच काम करणे आणि जवळ चूल, विडी, उदबत्ती पेटती न ठेवणे हाच उपाय.

याहून गंभीर प्रसंग काम संपल्यावर येतो. उरलेले स्पिरिट किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवले जाते आणि तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. थिनर पोटात गेले तर मुलाला मुळीच उलटी करवू नये. उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरते आणि फुफ्फुसे सुजतात. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांच्या नसा निकामी होतात. त्याची लक्षणे बारा-चोवीस तासांनीही दिसू शकतात. म्हणून मूल बरे दिसत असले तरी थांबू नये. बाटलीसह तडक रुग्णालय गाठावे.

जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी. चटणीमुळे जवस मराठवाड्याच्या घरोघरी ओळखीचा. त्याचे तेल लाकडाला लावण्याची रीतही जुनी. खाण्याची वस्तू म्हणून ते निर्धोक वाटते. या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-3 प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो. हृदयासाठी ज्याचे कौतुक होते तेच हे आम्ल हवेतला प्राणवायू झपाट्याने ओढते. जवसाची पूड लवकर खवट होते ती त्यामुळेच, आणि दस्त्यावरचे तेल घट्ट होऊन चकाकते तेही त्यामुळेच. म्हणजे हे तेल उडून जात नाही. प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही.

दस्त्यावरच्या पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते. चोळामोळा करून कोपऱ्यात फेकलेल्या चिंधीत मात्र ती कोंडते. उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेटू शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. रंगाच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ही क्रिया आणखी वेगाने होते. पारा चाळिशीपार गेलेल्या आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच जपायला हवे.

23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीत आग लागली. लाकडी भिंतींची सफाई करणाऱ्या कामगारांनी जवस तेलाच्या चिंध्या बाविसाव्या मजल्यावर टाकल्या होत्या. शनिवार असल्याने कार्यालये बंद होती. चिंध्या आपोआप पेटल्या, आठ मजले जळाले आणि तीन अग्निशमन जवानांचा जीव गेला.

यावरचा उपाय फुकटचा आहे. काम संपताच प्रत्येक चिंधी सुटी पसरून घराबाहेर, सावलीत, गवत-कडब्यापासून दूर वाळत घालावी. ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली की धोका सरला. तेवढा वेळ नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात ती बुडवावी आणि झाकण लावावे. कापसाच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नये.

शेवटी साबणाने हात धुवावेत. छऱ्यांमधले शिसे जुन्या बंदुकीच्या काजळीत असते आणि जेवताना हातावाटे ते पोटात जाते. दस्ता वाळायला काही दिवस लागतील. चिंधीची व्यवस्था मात्र त्याच संध्याकाळी, झोपण्यापूर्वी व्हायला हवी.