नाव निवडुंगाचं, मुळं झाडावरची

डिसेंबर लागला की रोपवाटिकेच्या दाराशीच ख्रिसमस कॅक्टसच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. चपट्या साखळ्यांसारख्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना लोंबणारी राणी रंगाची फुलं. ‘निवडुंगच तो, त्याला काय होतंय,’ असं म्हणत आपण तो घरी आणतो. माझं पहिलं रोप असंच आलं. गावाहून आणलेली सकस काळी माती भरून मी ते मोठ्या कुंडीत लावलं, पाणी बेतानेच घातलं. श्रावणात एका सकाळी फांदी जरा सावरायला गेले, तर अख्खं झाडच हातात आलं. कुंडी उपडी केली. मातीचा गोळा विटेसारखा घट्ट, वास आंबूस, आणि मुळांच्या जागी तपकिरी, बुळबुळीत दोरे. वरच्या फांद्या मात्र अजून हिरव्या होत्या.

या झाडाच्या मातीबद्दल आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंचसं त्याच्या नावावरून ठरवलेलं असतं.

गैरसमज : निवडुंग म्हणजे वाळवंटातला. त्याला वाळूच हवी.

वस्तुस्थिती : ख्रिसमस कॅक्टसच्या वंशाचं शास्त्रीय नाव श्लुम्बर्गेरा. त्याचं माहेर ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांत, रिओ दि जानेरोच्या आसपासच्या दमट, धुकाळ जंगलांत आहे. तिथे तो जमिनीत नव्हे, झाडांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या कपारींत वाढतो. बांडगुळासारखा तो झाडाचा रस शोषत नाही, नुसता आसरा घेतो. सह्याद्रीत पावसाळ्यात आंब्या-जांभळाच्या खोडावर आमरी फुललेली पाहिली असेल, तर हा संसार कसा चालतो ते लगेच कळेल.

बेचक्यात साठलेला कुजका पाला, सालीचे तुकडे आणि शेवाळ हीच त्याची माती. पाऊस आला की ती चिंब होते, जास्तीचं पाणी लगेच निथळतं, थोडी ओल मागे राहते आणि मोकळ्या जागांतून हवा खेळते. म्हणजे या झाडाला ओल हवी आणि हवाही हवी. वाळूत हवा मिळते पण ओल टिकत नाही. काळ्या मातीत ओल मिळते पण हवा राहत नाही.

गैरसमज : काळी माती सुपीक, म्हणून कुंडीतही तीच उत्तम.

वस्तुस्थिती : काळ्या मातीतली चिकणमाती भिजली की फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. शेतात पाणी खोलवर मुरायला वाव असतो, म्हणून तिथे ती कपाशीला मानवते. सहा इंचांच्या कुंडीत पाण्याला जायला जागाच नसते. फुगलेल्या कणांमधली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि अशा मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे मूळकुज करणारे रोगजंतू हल्ला करतात.

कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते आणि ती बाजू या झाडाच्या पथ्यावर पडते. त्याला साधारण 5.5 ते 6.5 सामू मानवतो. पण कुंडीत वारंवार पाणी पडून तीही दबून बसते. घालायचीच असेल तर मूठभर घाला, कुंडीभर नको.

गैरसमज : तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर घातला की निचरा होतो.

वस्तुस्थिती : हा सल्ला आजीपासून माळीबुवांपर्यंत सगळे देतात. तो पडताळायचा असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज घ्या. पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, त्यातली छिद्रंही तीच. फक्त उंची वाढली.

कुंडीतल्या मातीचंही असंच असतं. बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे तळाशी नेहमी एक चिंब पट्टा उरतो. खाली खडी घातली तरी माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी त्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. चिंब पट्टा जातो कुठे? खडीच्या उंचीइतका वर, थेट मुळांपाशी. निचरा हवा असेल तर तो सगळ्या मिश्रणात हवा, तळाच्या थरात नव्हे. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरतो.

गैरसमज : मातीत थोडी बारीक वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते.

वस्तुस्थिती : बारीक वाळूचे कण मातीच्या पोकळ्यांत जाऊन बसतात आणि मिश्रण उलट घट्ट होतं. समुद्रावरची वाळू आणली असेल, तर तिच्यासोबत मीठही येतं. पोकळी निर्माण करायला दाणा मोठा लागतो. पर्लाइट, नारळाच्या सोडणाचे तुकडे, पाइनची साल किंवा हरभऱ्याएवढे विटेचे तुकडे चालतात. वीट कोरी घ्या. पाडलेल्या भिंतीच्या राबिटाला चिकटलेलं सिमेंट किंवा चुना मिश्रणाचा सामू वाढवतो.

‘कॅक्टस मिक्स’ म्हणून विकत मिळणारी पिशवी बहुधा वाळवंटी निवडुंगांसाठी बनवलेली असते, म्हणून तीही जशीच्या तशी वापरू नये. तिच्यात कोकोपीट किंवा पानांचं खत घालून तिची ओल धरण्याची ताकद वाढवावी लागते.

गैरसमज : कोकोपीट हलकं असतं. नुसतं तेच भरलं तरी भागतं.

वस्तुस्थिती : कोकोपीट हलकं असतं ते कोरडं असताना. भिजलं की ते पाणी धरून बसतं, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत आठवडाभर वाळत नाही. नारळाच्या काथ्याचा हा भुसा असल्याने त्यात क्षारही असू शकतात. कोकोपीटची वीट बादलीत भिजवा, चहासारखं तपकिरी पाणी फेकून द्या. पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत दोन-तीन वेळा असं करा आणि मग पिळून घ्या.

गैरसमज : भरपूर शेणखत आणि वर चिमूटभर राख घातली की फुलं लगडतात.

वस्तुस्थिती : या झाडाला कळ्या धरायला लावतात त्या लांब रात्री आणि गारवा. रोज बारा-तेरा तास सलग अंधार आणि थंड रात्री असं साधारण सहा ते आठ आठवडे मिळालं की कळ्या येतात. पुण्या-नाशिकच्या बाल्कनीत ऑक्टोबरनंतर हे सहज जमतं. रात्रभर दिवा जळणाऱ्या हॉलमध्ये कितीही खत घातलं तरी जमत नाही. दक्षिण गोलार्धात मे महिन्यात रात्री लांबतात, म्हणून ब्राझीलमध्ये याच झाडाला ‘मे महिन्याचं फूल’ म्हणतात.

राख अल्कधर्मी असते, तेव्हा ती इथे नकोच. शेणखत पुरतं कुजलेलं नसेल तर कुंडीत उष्णता आणि चिलटं दोन्ही वाढतात. मिश्रणात थोडं गांडूळखत पुरे. मग वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ द्रवखत द्या.

गैरसमज : फांद्या सुरकुतल्या म्हणजे झाड तहानलंय.

वस्तुस्थिती : तहानलेलं असेल, किंवा बुडालेलंही असेल. मुळं कुजली की पाण्यात उभं असलेलं झाडही पाणी घेऊ शकत नाही आणि तसंच सुरकुततं. म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मिश्रणात घाला. आत कोरडं असेल तर पाणी द्या. ओलं असूनही फांद्या मलूल असतील, तर कुंडी उपडी करून मुळं पाहा.

मोठी कुंडीही अशीच फसवते. मुळं न पोचलेल्या मिश्रणातलं पाणी कोणी पीत नाही, ते नुसतं साचून राहतं. मुळांच्या गोळ्यापेक्षा इंचभर मोठी कुंडी पुरते. मुळं जरा दाटीवाटीने असली तरी या झाडाची तक्रार नसते.

मग मिश्रण कसं करायचं?

घरातली एखादी वाटी माप म्हणून घ्या. तीन वाट्या सोडणाचे तुकडे, दोन वाट्या धुतलेलं कोकोपीट, दोन वाट्या पर्लाइट किंवा विटेचे तुकडे, एक वाटी गांडूळखत किंवा चाळलेलं पानांचं खत. सोडणाचे तुकडे रात्रभर भिजवून ते पाणीही टाकून द्या. पर्लाइट मिसळण्याआधी त्यावर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. दमट किनारपट्टीवर राहत असाल तर कोकोपीट अर्धी वाटी कमी करा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अर्धी वाटी वाढवा.

तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला, पण बोटाने टोचताच फुटला, की जमलं. पाणी चिखलासारखं ओघळलं तर तुकडे वाढवा. गोळा मुळीच झाला नाही तर थोडं कोकोपीट घाला. कुंडी बदलायची ती फुलं सरल्यावर, उन्हाळा तापण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत. दर दोन-तीन वर्षांनी मिश्रण बदला, कारण सोडणही कुजतं, बारीक होतं आणि शेवटी मातीसारखं दबतं.

त्या मेलेल्या झाडाच्या वरच्या फांद्या शाबूत होत्या. त्यातला तीन पेरांचा एक तुकडा मी पीळ देऊन तोडला, दोन दिवस सावलीत सुकवला आणि अशाच मिश्रणात खोचला. पुढच्या श्रावणात कुंडी तिरपी करून गोळा हलकेच बाहेर काढून पाहिला. माती म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतंच. सोडणाच्या प्रत्येक तुकड्याला पांढऱ्या मुळांनी मिठी मारलेली होती.